तो ट्यूबा नाही, चिंबासो आहे (आणि किल्लीबद्दल थोडं)

प्रश्न असा आलाय: वर्दीच्या ऑपेराच्या एका रेकॉर्डिंगमध्ये ट्रॉम्बोनवाल्यांच्या रांगेत शेवटी एक जण जमिनीवर टेकवलेलं, काटकोनात मोडल्यासारखं लांबलचक पितळी वाद्य वाजवतोय, भोंगा समोर, सरकती नळी नाही, व्हॉल्व्ह आहेत. हा ट्यूबाच ना? आणि ट्यूबा म्हणजे ट्यूब, मग मराठीत ‘नळीवाद्य’ म्हणावं का?

नाही आणि नाही. खर्जातलं काहीही मोठं पितळी दिसलं की ट्यूबा म्हणायची जी सवय लागलीये ना, ती ऐकून ऐकून कान किटले. ट्यूबाचा भोंगा वर असतो, वाद्य मांडीवर असतं. बर्लिनमध्ये वीपरेश्ट आणि मोरित्झ यांनी १८३५ला पेटंट घेतलं त्याचं. नळीचं म्हणाल तर सगळीच फुंकवाद्यं नळ्या, त्यात ट्यूबाचं वेगळं काय? आणि लॅटिनमध्ये तुबा म्हणजे रोमन सैन्याचा सरळसोट कर्णा. ‘तुबा मिरुम’ या मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतल्या कडव्यातला तुबा तोच, मोत्सार्टने आपल्या ‘रेक्विएम’मध्ये तिथे सोलो दिलाय ट्रॉम्बोनला.

तुम्ही पाहिलात तो चिंबासो. सिम्बासो नाही, इटालियनमध्ये सी नंतर आय आला की च होतो. बहुतेक अभ्यासक म्हणतात की ‘कोर्नो इन बासो’, म्हणजे खर्जातलं शिंग, याचं स्वरलिपीत ‘सी. इन बासो’ असं आखूड व्हायचं, तेच सलग वाचलं आणि शब्द जन्मला. ब च्या आधी न चा म झाला, आपला अनुस्वार करतो तसंच, म्हणून देवनागरीत ‘चिंबासो’ इतकं चपखल बसतं. आणि नाव राहिलं पण वस्तू बदलत गेली, आधी लाकडी, मग पितळी कळांची, मग व्हॉल्व्हची. वर्दीला बोंबार्डोन (ट्यूबाच्याच जातीचं खर्जातलं वाद्य) नको होता कारण तो ट्रॉम्बोनमध्ये मिसळत नाही, आणि आजचा चिंबासो नेमका त्या मिसळण्यासाठीच आहे.

पण खरी गंमत मधल्या पायरीत आहे, म्हणजे ओफिक्लाइड या पितळी कळांच्या खर्जवाद्यात! चिंबासोसाठी लिहिलेले सूर एके काळी पुष्कळदा यावरच वाजायचे. पॅरिसच्या हालारी नावाच्या वाद्यकाराने १८१७ला बनवलं, १८२१ला पेटंट, आणि नाव ठेवलं ग्रीक, ओफिस् म्हणजे साप आणि क्लेइस म्हणजे किल्ली. साप का, तर आधीचं ‘सर्पंट’ खरंच नागमोडी होतं, लाकडाचं, वर चामडं, चर्चमधल्या गाण्याला आधार म्हणून वाजायचं. (लाकडाचं असूनही ते ब्रासमध्येच मोजतात, कारण आवाज ओठांच्या थरथरण्यातून येतो. ब्रास म्हणजे पितळ एवढंच सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) त्याच सापाला कळा लावल्या म्हणून ओफिक्लाइड. बर्लिओझच्या १८३०च्या ‘सिम्फनी फँटास्टिक’मध्ये सर्पंट आणि ओफिक्लाइड दोन्ही होते.

आता बघा, ओफिस् म्हणजे आपल्या अहि-नकुलातला अहि, सख्खा भाऊ. क्लेइसची लॅटिन बहीण क्लाविस, तिच्यापासून पोर्तुगीज शब्द आला आणि पोर्तुगीजांकडून आपली चावी. म्हणजे या अनोळखी फ्रेंच वाद्याच्या नावाचे दोन्ही तुकडे आपल्या घरात नातेवाईक ठेवून आहेत. आणि मी तर पुढे जाऊन म्हणतो की किल्लीसुद्धा त्यातलीच. ग्रीक क्लेइसपासून फारसीत किलीद झालं, यावर फारसा वाद नाही. ती किलीद दख्खनमध्ये दरबारी फारसीतून फिरत असताना मराठीत किल्ली झाली नसेल? कोशवाले लगेच संस्कृत कील पुढे करतात, कील म्हणजे खुंटी, मेख. अहो, खुंटी ठोकतात, किल्ली फिरवतात! कुलूप तर अरबी कुफ्लपासून फारसीमार्गे आलं, अक्षरं उलटीपालटी होऊन, हे हेच लोक मान्य करतात, मग कुलूप बाहेरून आलं आणि त्याची किल्ली मात्र घरातच घडली, हे मला पटत नाही. हिंदीत किल्ली म्हणजे खुंटी असते हा त्यांचा मुद्दा मला माहितीये, पण दोन वेगळे शब्द घासून घासून एकसारखे झाले असं भाषेत हजारदा होतं. माझ्या डोक्यात ही किल्ली किलीदचीच, आणि उलटा पुरावा मिळेपर्यंत मी ते सोडणार नाही.

हां, मूळ प्रश्न. मराठीत चिंबासोच लिहा. तुतारी बिलकुल नको, ती वळणदार आणि उंच सुराची. आणि पुढच्या वेळी हॉर्नवाल्यांमध्येच बसून कोणी डाव्या हाताने व्हॉल्व्ह दाबताना दिसला, भोंगा वर आणि नळी अंडाकृती, तर तो वॅग्नर ट्यूबा. त्याच्याही नावात ट्यूबा आहे, पण तो हॉर्नवाले हॉर्नच्याच माउथपीसने वाजवतात, त्यामुळे तोही ट्यूबा नव्हे.