रग्बी लीग: खेळ सोडल्यावर प्रशिक्षकपद

प्रश्न: रग्बी लीगमध्ये बरीच वर्षं खेळलेला खेळाडू निवृत्तीनंतर लगेच मुख्य प्रशिक्षक होऊ शकतो का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर: होऊ शकतो, पण घाई करू नये. इंग्लंडचा रग्बी लीग खेळाडू सॅम बर्जेस २०१९ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झाला. २०२२ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियातला ओरारा व्हॅली हा स्थानिक पातळीवरचा संघ हाताळला, नंतर तिथल्याच साउथ सिडनी क्लबात सहायक झाला आणि मग २०२४ च्या हंगामासाठी इंग्लंडच्या वॉरिंग्टन क्लबचं मुख्य प्रशिक्षकपद घेतलं. हीच वाट आम्हाला योग्य वाटते.

खेळाच्या संघटनेचा प्रशिक्षक प्रमाणपत्र अभ्यासक्रम तर करावाच. पण आधी सहायक म्हणून एकच खातं अंगावर घ्यावं, शक्यतो बचावाचं. जे अंगवळणी पडलेलं असतं तेच शब्दांत सांगता येत नाही, आणि माजी खेळाडूला नेमकं तिथेच नडतं. बचावपटूंची रांग फुटली की तो बाहेरून "वर या, वर या!" ओरडतो. रांग का फुटली, ते कुणालाच कळत नाही.

त्यासाठी वीस मीटर रुंद पट्ट्यात चार आक्रमक विरुद्ध तीन बचावपटू असा सराव घ्या. दर टॅकलनंतर (चेंडूवाल्याला धरून पाडल्यावर) बचावपटूंनी दहा मीटर मागे जायचं आणि चेंडू खेळात येताच एका रेषेत पुढे यायचं. दोन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती. बहुतेकदा एकजण एकटाच पुढे धावतो आणि त्याच्या बाहेरच्या खांद्याशी फट पडते. तिथेच शिट्टी वाजवून सगळ्यांना जागेवर थांबवा आणि फट दाखवा. चूक धावणाऱ्याचीच असते असं नाही. आधीच्या टॅकलमधून शेजारचा बचावपटू उशिरा उठला आणि पूर्ण दहा मीटर मागे पोचलाच नव्हता, असंही निघतं. म्हणून व्हिडिओ पाहताना ट्रायच्या (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवण्याच्या) क्षणापासून दोन टॅकल मागे जा. क्लिप तीन-चारच दाखवा. वीस दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

टॅकल शिकवताना आधी गुडघ्यावर, मग चालत, शेवटी धावत. टॅकल करणाऱ्याचं डोकं चेंडूवाल्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला हवं. ते त्याच्या वाटेत आडवं आलं की गुडघा किंवा नितंब थेट डोक्यावर बसतो, आणि मेंदूला इजा होण्याची भीती इथे मोठी असते. या एका बाबतीत कुणालाही सूट देऊ नका, कालपर्यंत सोबत खेळलेल्या मित्रालाही नाही.