डिसेंबरात सांदण दरीत उतरून मुक्काम करता येईल का?

हो, उतरता येतं, पण तंबू दरीत नको, वर साम्रद गावातच टाका. हिवाळ्यात दोनदा जाऊन आलोय म्हणून सांगतो: दोन्ही बाजूंना उभे कातळ, ऊन जेमतेम तळाला पोचतं. वाटेतल्या दुसऱ्या डोहात डिसेंबरातही कमरेइतकं गार पाणी असू शकतं. त्यातून बाहेर आलात की बूट, पँट ओलेच राहतात, आणि त्या ओल्या कपड्यांत रात्र काढणं फार जीवावर येतं. कोरडा जोड, मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डोक्यावर धरा. खाली करोळी घाटाकडे जायचं तर दोर आणि जाणकार माणूस हवाच. मात्र अवकाळी पाऊस झाला असेल तर दरीत पाऊलही टाकू नका.