अमेरिकेत हेवी-ड्यूटी पिकअपने साधारण ४,५०० किलोंचा ट्रेलर ओढायचा असल्यास १२१/११८ लोड इंडेक्सचे टायर पुरतील का?

टायरवर ‘एलटी२४५/७५आर१७ १२१/११८’ असे छापलेले असेल, तर शेवटचे दोन आकडे म्हणजे लोड इंडेक्स, टायर किती भार पेलतो याचा सांकेतिक क्रमांक. १२१ म्हणजे एका टायरला १,४५० किलो. ११८ म्हणजे १,३२० किलो, पण हा दुसरा आकडा मागे जोडचाके (प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके) असलेल्या गाडीसाठी असतो. तुमच्या मागच्या आसावर दोनच चाके असल्यास टायरांची मर्यादा २,९०० किलो होते. ही क्षमता पूर्ण हवेवरच मिळते, आणि लोड रेंज ई (टायरच्या मजबुतीची श्रेणी) असलेल्या या टायरांत ती सहसा ८० पीएसआय असते. गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवणाऱ्यांना याचा हमखास विसर पडतो.

नेहमीच्या हुकावर ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के, म्हणजे येथे ४५० ते ६७५ किलो भार येतो. हुक आसाच्या मागे असल्याने तरफेच्या नियमाने मागच्या आसावर त्याहून अधिक वजन पडते. म्हणून अंदाज न बांधता, ट्रेलर जोडून आणि सामान व माणसांसह गाडी ट्रक स्टॉपवरील काट्यावर न्यावी, मागच्या आसाचे वजन वेगळे घ्यावे आणि ते २,९०० किलोंशी, तसेच चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेल्या मागच्या आसाच्या मर्यादेशी ताडून पाहावे. यांपैकी जो आकडा लहान, तोच तुमची मर्यादा.