सुनेची सक्ती आणि नवा गुडघा

प्रश्न : मी डिचोलीची, वय ६६. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून पाच आठवडे झाले. टाके निघाले, जखम सुकली. पण पाय पूर्ण सरळ होत नाही आणि वाकवताना जीव जातो. मुलगा जहाजावर असतो. सून पणजीला नोकरीला जाते, तरी सकाळी निघण्याआधी आणि रात्री आल्यावर समोर उभी राहून व्यायाम करून घेते. मी रडले तरी सोडत नाही. बहीण आणि शेजारणी म्हणतात, एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे, निजून राहा, तेल लावून चोळून घे. दिवसभर मी गुडघ्याखाली उशी घेऊन पडून असते आणि दुपारचा व्यायाम केला असे सुनेला खोटेच सांगते. गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडते म्हणून त्याही बंद केल्या. आंघोळ सूनच घालते, त्याची फार लाज वाटते. चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आली. नेवऱ्या (करंज्या) आणि माटोळी (गणपतीच्या वर फळे बांधून केलेली सजावट) आजवर माझ्याच हातची. ऑपरेशन उगाच केले, असे रात्र रात्र वाटत राहते. मी काय करू?

उत्तर : ताई, पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे गुडघ्याखालची उशी. ती आजच काढा. गुडघा किंचित वाकलेला ठेवला की बरे वाटते हे खरे, पण तासन्‌तास तो तसाच राहिला तर मागचे स्नायू आखडतात, आत भरून येणारा व्रण घट्ट होत जातो, आणि उत्तम बसवलेला सांधा असूनही माणसाला लंगडत चालावे लागते. गुडघा किती वाकतो याची चौकशी येणारा-जाणारा प्रत्येक जण करतो; तो सरळ किती होतो हे मात्र कोणी विचारत नाही, आणि चालण्यासाठी तेच आधी लागते. आधार द्यायचाच असेल तर टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसेल. मांडीच्या मागे ताण जाणवेल, तो जाणवायलाच हवा. प्रथम पाच मिनिटे जमली तरी पुरे, मग वाढवत न्या.

आता सुनेविषयी. व्यायामाच्या बाबतीत मी तिच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. बहुतेकांचा गुडघा सहा आठवड्यांच्या सुमारास काटकोनापर्यंत किंवा त्याच्या पुढे वाकू लागतो, आणि खुर्चीतून सहज उठायला किंवा जिना उतरायला त्याहूनही थोडा अधिक वाकावा लागतो. या काळात तो मोकळा झाला नाही, तर डॉक्टरांना कधी कधी भूल देऊन तो वाकवावा लागतो, आणि त्या उपायाचा गुणही साधारण पहिल्या तीन महिन्यांतच चांगला येतो. म्हणजे निजून राहण्याचा सल्ला मायेचा असला तरी चुकीच्या वेळी दिलेला आहे. नवा सांधा धातूचा आणि प्लॅस्टिकचा असतो, तो बसवला त्याच दिवसापासून वजन पेलू शकतो; दुबळे झालेले असतात ते मांडीचे स्नायू, आणि ते खाटेवर पडून कोणाचेही सुधारलेले नाहीत.

मात्र रडणाऱ्या माणसाकडून सक्तीने व्यायाम करून घेणे मला पटत नाही, आणि त्यात अर्धा दोष बंद केलेल्या गोळ्यांचा आहे. दुखऱ्या पायाने माणूस अंग चोरतो, आणि मग व्यायाम नुसता नावाला होतो. डॉक्टरांना आजच फोन करून, रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तो सांगून, तुम्हाला कोणती वेदनाशामक गोळी चालेल ते विचारा. ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, आणि नंतर बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे गुडघ्यावर ठेवा. शेजारणीने तिच्या पाकिटातली गोळी देऊ केली तर ती अजिबात घेऊ नका. व्यायामानंतर तासाभरात ओसरणारे दुखणे हे सांधा बिघडल्याचे लक्षण नव्हे. गुडघा कोमट लागणे, संध्याकाळी सुजणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर असणे आणि चालताना आत 'टक' असा आवाज होणे हे सारे अनेक महिने राहू शकते.

तेल चोळून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि ती चोळण्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोटरी एकाएकी सुजली, दाबल्यावर दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर कोणाचीही वाट न पाहता १०८ ला फोन करा.

दुपारच्या खोट्याचे काय करायचे? सुनेला खरे सांगा, आणि त्यासाठी व्यायामाची वेळ निवडू नका. रात्रीची जेवणे उरकल्यावर, ती निवांत बसली की सांगा, 'दुपारी मी एकटी असते, कळ आली की घाबरते, म्हणून करत नाही.' ती रागावेल, बहुधा थोडा वेळच. समोर उभ्या राहणाऱ्या त्या मुलीलाही नवरा घरी नसताना तुमच्या पायाची काळजी एकटीनेच वाहावी लागते आहे. तिला एवढेच मागा की मोजणी तिने करावी, पण थांबा म्हटले की श्वास घेण्यापुरते थांबावे. आणि निजून राहा म्हणणाऱ्या शेजारणींपैकी एकीला दुपारी बोलावून खुर्चीसमोर बसवा. तुम्ही खुर्चीत बसून पाऊल जमिनीवरून मागे सरकवायचे, शेवटी पाच आकडे धरून ठेवायचे, आणि ते आकडे तिने मोजायचे. गप्पाही होतील. शिवाय फिजिओथेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष दाखवणे बरे. घरी बोलावणे परवडत नसेल तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग आहे.

आंघोळीची लाज मी समजू शकते, आणि तिला उपाय आहे. जखम पूर्ण सुकली असेल तर न्हाणीघरात हातांची भक्कम प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, बादली उंच स्टुलावर म्हणजे वाकावे लागणार नाही, खाली रबरी चटई, आणि भिंतीला पक्का दांडा सुताराकडून नव्हे तर गवंड्याकडून बसवून घ्या. चिकटवलेल्या दांड्यावर भार टाकू नका. दाराला कडी न लावता, सून बाहेर हाकेच्या अंतरावर असताना, तुम्ही स्वतः आंघोळ करू शकाल. पाठ आणि पावले तेवढी तिच्याकडे द्या.

चवथीला तुमच्या शस्त्रक्रियेला आठ आठवडे झालेले असतील, म्हणजे घरात वावरण्याइतपत तुम्ही मोकळ्या असाल, पण पाटावर बसण्याइतपत नाही. नेवऱ्या टेबलावर, उंच खुर्चीत बसून करा. लाटणे सुनेकडे, सारण भरून कातणे तुमच्याकडे. माटोळीसाठी स्टुलावर चढणे यंदा निषिद्ध. फळे कोठे बांधायची ते खालून सांगा, आणि ती तुमच्यासारखी बांधली गेली नाहीत तर एक वर्ष सोडून द्या. आरतीला खुर्ची घ्या. मला खरी भीती वाटते ती अंगणाची. पावसात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, ते आताच खरवडून घ्या. वॉकरची रबरी टोपणे झिजली असतील तर बदला. पायरी चढताना डावा पाय आधी आणि उतरताना उजवा आधी, हा क्रम पाहुण्यांच्या गर्दीतही विसरू नका. काठी येईल तेव्हा ती डाव्या हातात धरायची.

ऑपरेशन उगाच केले असे वाटणे या आठवड्यांत फार जणांना होते, कारण जुने दुखणे गेल्याचे अजून कळत नाही आणि नवे मात्र रात्री झोपू देत नाही. झोप जमू लागली की हे विचार सहसा मागे पडतात. तसे न होता जेवणावरची वासना गेली आणि दिवसाही रडू येत राहिले, तर तेही डॉक्टरांना सांगायचे दुखणेच आहे.

पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांची तपासणी असेल. सुनेला बरोबर न्या, दुपारचा व्यायाम होत नव्हता हे डॉक्टरांना तिच्यासमोर सांगा, आणि पाय किती अंशांनी सरळ व्हायचा राहिला आहे, तो किती वाकतो, वॉकर सोडून काठी कधी घ्यायची, हे तुम्ही स्वतः विचारून कागदावर लिहून घ्या.