सासूबाईंना संडास आवरत नाही. लेझर लाइटच्या ट्रायलमध्ये त्यांचं नाव घालावं का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, तीन बाळंतपणं झालीत, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. वर्षभरापासून घाई झाली की धीर निघत नाही आणि कधीकधी नकळत कपडे खराब होतात. वाशीच्या एका रुग्णालयाने प्रकाशोपचाराच्या अभ्यासात नाव घालायला सुचवलंय, आणि ठाण्यात घराजवळच्या एका क्लिनिकने तोच उपचार 'ट्रायल पॅकेज' म्हणून पैसे घेऊन देऊ केलाय. माझं मत आधीच सांगते. पैसे घेऊन होणाऱ्या ट्रायलच्या वाटेला जाऊ नका. वाशीच्या अभ्यासाचा विचार जरूर करा, पण त्याआधी काही साध्या गोष्टी उरकून घ्या.

मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, 'सामान्य नागरिक' म्हणून बसते. अशा कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचं माणूस आणि माझ्यासारखं बाहेरचं कुणीतरी असावंच लागतं. रुग्णाच्या हातात जाणारं मराठी संमतीपत्र खरंच कळण्यासारखं आहे का, हे बघणं माझ्या वाट्याला येतं. शिवाय दुसऱ्या बाळंतपणापासून हा त्रास मलाही थोडाफार आहे. लोकलच्या डब्यात संडास नसतो, त्यामुळे ठाणे-वाशी गाडीत ऐरोली, रबाळे, घणसोली ही स्टेशनं मी इतरांपेक्षा वेगळ्या हिशेबाने मोजते.

आता 'लेझर' या शब्दाबद्दल. मूळव्याध-भगंदराच्या पाट्यांवर जो लेझर असतो तो उष्णतेने ऊतक जाळतो किंवा आकसवतो. तुम्हाला सांगितलेला उपचार त्याहून अगदी निराळा आहे. त्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. यात साधारण ६०० ते ११०० नॅनोमीटरचा तांबडा किंवा त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश इतक्या कमी ताकदीने देतात की चटका बसत नाही. १९६७ मध्ये हंगेरीत एन्ड्रे मेस्टर यांना कमजोर लेझरखाली उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवलेले दिसले, तिथून ही विद्या सुरू झाली. हा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या एका एन्झाइमवर काम करतो, ऊर्जा वाढते, सूज कमी होते, असं मानतात. कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी काही ठराविक रुग्णांत हा प्रकाश वापरावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारसही आहे. म्हणजे भोंदूगिरी नव्हे. पण तोंडाला उपयोगी पडलं म्हणून गुदद्वाराच्या स्नायूलाही पडेल असं होत नाही. शौचावरच्या ताब्यासाठी हा उपचार अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे.

अडचण खोलीची आहे. तांबडा प्रकाश कातडीत काही मिलिमीटरच जातो, न दिसणारा थोडा अधिक. गुदद्वार बंद ठेवणारे स्नायू दोन. त्यातला आतला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, गुदमार्गाला वेढा घालून असतो, त्यामुळे आत सरकवलेल्या बारीक नळीतून प्रकाश तिथवर पोचू शकतो. बाळंतपणात जो बाहेरचा स्नायू फाटतो किंवा जी नस ताणली जाते, तिथे किती पोचणार? फाटलेले स्नायू प्रकाशाने शिवले जात नाहीत. आणि प्रकाश जास्त दिला की गुण जास्त, असंही नाही. ठराविक मात्रेपलीकडे उलट परिणाम घटतो. 'आमचं मशीन जास्त पॉवरचं' असं कुणी सांगितलं तर मी तरी तिथून उठेन.

म्हणून अभ्यासात मी सगळ्यात आधी शोधते ती तुलना. निम्म्या रुग्णांना खरा प्रकाश, निम्म्यांना फक्त दिखावा: तीच नळी, तोच गॉगल, तोच बीप, पण प्रकाश बंद. न दिसणारा प्रकाश असल्याने आपल्याला कुठला मिळतोय हे रुग्णाला कळत नाही. सासूबाईंना 'फसवतायत' असं वाटेल, पण हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असतं. याची गरज का, ते या उदाहरणातून कळेल. ब्रिटनमध्ये पायाच्या घोट्याजवळच्या नसेला सुईने सौम्य विजेचे झटके देऊन हाच त्रास कमी होतो का, हे पाहिलं. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. खऱ्या उपचाराने ३८ टक्के लोकांचे कपडे खराब होण्याचे प्रसंग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. खोट्या उपचाराने ३१ टक्क्यांचे! दोन्हींतला फरक धरण्याजोगा नव्हता. दर आठवड्याला कुणीतरी प्रेमाने विचारतंय, आपण खाण्यापिण्याकडे लक्ष देतोय, एवढ्यानेही बराच आराम पडतो. तुलना न ठेवता 'आमच्या इतक्या पेशंटना गुण आला' म्हणणारं क्लिनिक हाच आराम मशीनच्या नावावर विकत असतं. योनिमार्गासाठी अशीच लेझर यंत्रं 'नवतारुण्य' आणि लघवीचा ताबा म्हणून विकली जात होती. जुलै २०१८ मध्ये औषधं-यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने त्याबद्दल जाहीर इशारा दिला, भाजण्याचे आणि व्रण राहण्याचे धोके सांगून. ती यंत्रं वेगळी, जास्त उष्णतेची, पण विकण्याची तऱ्हा तीच.

उपचारापूर्वी आणि नंतर त्रास किती आहे हे मोजणारा वेक्स्नर स्कोअर काढतात: घट्ट शौच, पातळ शौच, वारा, पॅड आणि रोजच्या जगण्यातला बदल, प्रत्येकी ० ते ४, एकूण २०. यात आपल्या बायकांचं एक हमखास चुकतं. पॅड वापरता का विचारलं की त्या 'नाही' म्हणतात, कारण त्या जुन्या सुती लुगड्याची घडी ठेवतात. जगण्यात बदल झाला का, तर 'नाही हो, सगळं नीट चाललंय', आणि लग्नाला, देवळात, कीर्तनाला जाणं कधीच बंद केलेलं असतं. सासूबाईंना हे आधी समजावून सांगा, नाहीतर स्कोअर खोटा येईल.

आता त्या साध्या गोष्टी. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन आहे का बघा. तिने पातळ होतं आणि पातळ शौच आवरणं सगळ्यात कठीण. डॉक्टरांना विचारून प्रकार किंवा मात्रा बदलली की निम्मी लढाई तिथेच संपू शकते. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. उलट बद्धकोष्ठतेने आत खडा साठला असेल तरी बाजूने पातळ झिरपतं आणि घरचे जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. म्हणून बोटाने तपासणी झालीच पाहिजे. लाजेखातर ती टाळून थेट महागड्या मशीनकडे नेणारी घरं मी बघितली आहेत. इसबगोल, जेवणानंतर ठराविक वेळी बसण्याची सवय, ओटीपोटाच्या तळाच्या, शौच आवरून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम आणि ते नीट होतायत का दाखवणारं बायोफीडबॅक, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी: हे आधी करून बघा. मला स्वतःला इसबगोल आणि व्यायामाने बराच फरक पडला. स्नायू फाटलाय का हे आतल्या सोनोग्राफीत दिसतं, जोर किती हे मॅनोमेट्री या दाब मोजण्याच्या तपासणीत. रक्त पडत असेल, वजन घटत असेल तर आधी त्याचा तपास. आणि अचानक लघवी अडली, पायातली ताकद गेली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला तर त्याच दिवशी इमर्जन्सीला न्या.

वाशीच्या अभ्यासाचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. सीटीआरआय ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, अशा अभ्यासांची नोंदवही आहे, कुणालाही नेटवर फुकट बघता येते. त्यात तुलना आहे का, किती रुग्ण, कुठल्या कमिटीने मंजुरी दिली, सगळं असतं. संशोधनासाठीचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यायची, मध्येच सोडलं तरी नेहमीच्या उपचारांत फरक करायचा नाही, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ठाण्याच्या क्लिनिकचं 'पॅकेज' इथेच गळून पडतं. त्या भागात पूर्वी कॅन्सर झाला असेल तर ते आणि चालू असलेली प्रत्येक गोळी अभ्यासाच्या डॉक्टरांना सांगा.

सही सासूबाईंची हवी, मुलाची चालणार नाही. त्यांना डॉक्टरीणबाईंशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या, कारण मुला-सुनेसमोर त्या निम्मंच सांगतील. मराठी संमतीपत्राची प्रत घरी घेऊन या, सावकाश वाचा, न कळलेल्या ओळींखाली खुणा करून परत जा. तिथल्या तिथे सही करा म्हणाले तर करू नका.