पावसाळ्यात पॉइंट टू टूचा ग्रुप पसरतो, बॅरल क्रायो करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की लाकडी स्टॉकची (दस्त्याची) पॉइंट टू टू, म्हणजे .22 ची छोटी रायफल आहे, उन्हाळ्यात 50 मीटरवर छान ग्रुप यायचा, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागायच्या, आणि जूनपासून तो फुटला. मी फोंड्याचा, टूलरूममध्ये लेथवर असतो आणि प्रोन (पालथं झोपून) नेमबाजी करतो, म्हणून कळकळीने सांगतो, क्रायोवर, म्हणजे बॅरल (नळी) अतिथंड करून घेण्यावर, एवढ्यात पैसे घालू नका.

आपल्याकडे घुमट-आरतीला कासाळं वाजवतात ना, दोरीला धरलं तर कसं घणघणतं आणि काठाला बोट लागलं की आवाज बसतो. बॅरलचंही तसंच, गोळी सुटली की ती थरथरणारच, ते थांबवता येत नाही, पण दर गोळीला थरथर सारखी हवी, आणि स्टॉकचं लाकूड बॅरलला कधी टेकतंय कधी नाही असं झालं तर ती सारखी राहत नाही. गोव्याच्या पावसात लाकूड फुगतं हे तुमच्या घरातली दारंच सांगतील. माझं गेल्या जुलैत हेच झालं. रायफल रिकामी करून बोल्ट काढला, बॅरल आणि स्टॉकच्या मधून कागदाची पट्टी सरकवली तर पुढच्या टोकाला अडकली! स्टॉकला बाहेरून मस्त पॉलिश पण बॅरल बसते ती आतली खाच कोरडी, कंपनीने तिथे काही लावलंच नव्हतं, पाणी तिथूनच शोषलं जात होतं. खाच थोडी घासून आतून सील केली आणि ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने दर वेळी तेवढेच आवळायला लागलो, ग्रुप परत आला. ॲक्शन लाकडात हलत असेल तर इपॉक्सी बेडिंग, म्हणजे मधली फट इपॉक्सीने भरून पक्की बैठक, करून घ्या. हे सगळं लायसनवाल्या गनस्मिथकडेच हां, शस्त्र कायदा 1959 चा आहे, घरी खटपट नको.

आता धातूतल्या ताणाचं. बटन, म्हणजे कठीण धातूचा ठोकळा, नळीतून ओढून रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) केलं की पोलादात ताण अडकून राहतो, म्हणून चांगले बनवणारे नंतर बॅरल साधारण 550 ते 650 अंशांना तापवून हळूहळू थंड करतात. तसं न करता बाहेरून टर्निंग करून बॅरल बारीक केली की आतला बोअर (नळीचं भोक) किंचित मोकळा होतो, लेथवाल्याला हे पटकन पटेल. राहिलेला ताण मुख्यतः बॅरल तापली की त्रास देतो, गोळ्या एका बाजूला सरकत जातात, मोठ्या सेंटरफायर (जास्त ताकदीच्या काडतुसाच्या) रायफलमध्ये जास्त, पॉइंट टू टू तेवढी तापतच नाही. क्रायोमध्ये लिक्विड नायट्रोजनने उणे 196 अंशांच्या आसपास नेतात. त्याने ग्रुप सुधारतो यावर जाणकारांचंच एकमत नाही, मी तरी करणार नाही.

जाड बॅरलचा फायदा मात्र खरा आहे, ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे भरीव दांडा धरला तर 10 टक्के जास्त जाडीला साधारण 46 टक्के जास्त ताठपणा.

ट्यूनर, म्हणजे तोंडाशी लावायचं सरकतं वजन, सगळ्यात शेवटी बघा. गोळीच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, 320 ऐवजी 330, तर 50 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर वर-खाली होतं, आणि टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच 10.4 मिलिमीटरचं. ट्यूनर जमला तर हळू गोळी तोंड जरा वर असताना सुटते आणि तो फरक बराच भरून निघतो. पण एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) गोळी हवी, लॉट बदलला की पुन्हा सेटिंग.

आधी ती कागदाची पट्टी फिरवून बघा आणि कुठे अडकली ते इथे लिहा.