वाचक विचारतात : टिप किती, कुणाला आणि कधी?

उन्हाळी सहली आणि ऑगस्टमध्ये परदेशी शिकायला निघालेली मुलं, या दोन्हींमुळे गेल्या काही आठवड्यांत टिपेबद्दलची बरीच पत्रं आली. बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये टाकून उठायचं, हा आपला हिशेब. परदेशात तो कुठे अगदीच तोकडा पडतो, कुठे लोकांना बुचकळ्यात टाकतो, तर कुठे तेच पैसे आधीच बिलात धरलेले असतात. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत. कायद्याचा उल्लेख नसेल तिथे रकमा रिवाजाच्या समजाव्यात.

मुलगा एम.एस.साठी अमेरिकेला जातोय. तिथे वीस टक्के टिप द्यावीच लागते म्हणे. शंभर डॉलरच्या जेवणावर वीस डॉलर, म्हणजे सतराशेच्या वर रुपये नुसते वाढप्याला? नाही दिले तर काय होतं?
— एक पालक, ताराबाई पार्क

कायद्यानं काहीही होत नाही. पण तो पैसा बक्षिसी नसून बऱ्याच अंशी पगारच आहे, हे मुलाला निघायच्या आधी सांगा. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मात्र मालकानं स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१पासून तसाच आहे. मधला फरक टिपेतून भरून निघेल असं गृहीत धरलेलं असतं. न निघाल्यास तो मालकानं भरायचा, असं कायदा म्हणतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांत ही सवलत नाही, तिथे किमान वेतन पूर्ण द्यावं लागतं. टिपेचा रिवाज मात्र तिथेही तोच.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी वेटरला दिवसाच्या विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी टेबल पुसणाऱ्याला आणि बारवाल्याला वाटा द्यावा लागतो. तुम्ही शून्य टिप दिलीत तरी तुमच्या बिलावरचा तो वाटा त्याच्याच खिशातून जातो. म्हणून जेवण बेचव निघालं तर मॅनेजरला सांगून पदार्थ बिलातून काढून घ्यावा, टिप कापू नये. रस्सा बिघडला आचाऱ्याच्या हातून, त्याची भरपाई वाढप्यानं का करायची?

आता प्रत्यक्ष बिल. समजा जेवण ६० डॉलर, त्यावर विक्रीकर ४.८०, एकूण ६४.८०. टिप ६० वर काढायची, करासकट रकमेवर नाही. बसून जेवण्याच्या ठिकाणी १८ ते २० टक्के चालतात. वीस टक्के म्हणजे १२ डॉलर. वेटर कार्ड घेऊन जातो आणि दोन चिठ्ठ्या आणतो. त्यातली दुकानाची प्रत ओळखून तिच्यावर टिपेच्या ओळीत १२.००, खाली एकूण ७६.८० लिहायचे आणि सही करायची. बेरजेची ओळ कोरी सोडू नये. टिप रोख ठेवणार असाल तर टिपेच्या ओळीत ‘कॅश’ लिहून बेरीज ६४.८० च ठेवा. फोनवर आधी ६४.८० चा मेसेज येतो आणि एक-दोन दिवसांनी खात्यातून ७६.८० जातात. कार्डाचा गैरवापर झाला म्हणून मुलं घाबरून बँकेला फोन लावतात. तो गैरवापर नव्हे, तिथली पद्धतच तशी आहे.

सहा किंवा जास्त जण असतील तर अनेक हॉटेलं १८ टक्के आपणहून लावतात आणि तरी टिपेची ओळ रिकामी ठेवतात. बिल न वाचता लिहिणारा दोनदा देतो. घरपोच पिझ्झ्याला ३ ते ५ डॉलर द्यावेत. बिलातला डिलिव्हरी आकार आणणाऱ्याच्या हाती पडेलच असं नसतं. केस कापायला १५ ते २० टक्के. हॉटेलची खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी दर रात्रीचे २ ते ५ डॉलर रोजच्या रोज ठेवायचे, कारण शेवटच्या दिवशी वेगळंच कुणीतरी कामावर असतं. काउंटरवरून कॉफी उचलताना पैसे घ्यायच्या मशिनची स्क्रीन आपल्याकडे फिरवून १८-२०-२५ टक्के विचारतात, तिथे ‘नो टिप’ दाबायला काहीच हरकत नाही. विद्यार्थ्यानं तर ते खुशाल दाबावं. आपल्याकडून डॉलर नेताना सगळ्या शंभराच्या नोटा मिळतात, तर पोचल्यावर त्यातली एक मोडून एक-एक डॉलरच्या नोटा जवळ ठेवायला सांगा.

औद्योगिक प्रदर्शनासाठी हानोव्हरला जायचं आहे. मागच्या खेपेला पन्नास युरोची नोट देऊन ‘डांके’ म्हणालो, तर वेटर पैसे घेऊन गेला तो गेलाच. फसवलं काय?
— एक फाउंड्रीवाले, शिरोली एमआयडीसी

फसवलं नाही. जर्मनीत पैसे हातात देताना ‘डांके’ म्हटलं की ‘बाकीचे ठेवा’ असा अर्थ घेतात. आभार मोड परत आल्यावर मानायचे, आधी नुसतं ‘बिटे’, म्हणजे ‘हे घ्या’, म्हणायचं.

तिथे वेटर पाकीट घेऊन टेबलाशी उभा राहतो आणि टिप त्याच वेळी तोंडी ठरते. बिल २७.४० असेल तर पन्नासची नोट देऊन ‘थर्टी’ म्हणा, तो वीस परत देतो. ५ ते १० टक्के किंवा वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत, एवढं पुरतं. कार्ड देणार असाल तर मशिनमध्ये रक्कम घालण्याच्या आधीच तीसचा आकडा सांगा, नंतर तो वाढवणं अवघड जातं. उठताना टेबलावर नाणी सोडून जाणं तिथे बरं दिसत नाही. मशीननं रुपये की युरो विचारलं तर युरो निवडा, रुपयांत केलेला बदल बहुतेक वेळा महाग पडतो. स्वच्छतागृहाच्या दाराशी ताटली असते, तिच्यासाठी ५० सेंटची नाणी खिशात असू द्यात.

आम्ही ज्येष्ठांचा गट युरोप सहलीला निघालोय. सहल कंपनीनं चालक आणि गाइडच्या टिपेसाठी माणशी रोजचे तीन युरो वेगळे मागितले आहेत. वर हॉटेलांतही द्यायचे का?
— एक वाचक, राजारामपुरी

बससहलीत असं मागायची पद्धत आहे, त्यात वावगं काही नाही. पण ती रक्कम बुकिंगच्या कागदात ‘समाविष्ट नाही’ या यादीत आहे का, ते पाहा. दोघांचे दहा दिवसांचे ६० युरो होतात. ते आधी घेतले असतील तर शेवटच्या दिवशी बसमध्ये फिरणाऱ्या पाकिटात पुन्हा घालायची गरज नाही.

हॉटेलांचं म्हणाल तर फ्रान्समध्ये सेवा आकार कायद्यानंच पदार्थाच्या दरात धरलेला असतो. आवडलं तर एक-दोन युरो ठेवा, नाही ठेवले तरी कुणी वळून बघणार नाही. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ दिसतो, माणशी साधारण दीड ते तीन युरो. पाव, चादर, काटे-चमचे यांचा तो बसण्याचा आकार असतो आणि मालकाकडे जातो. पावाला हात लावला नाही म्हणून तो माफ होत नाही, त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. ‘सेर्विझियो’ म्हणजे सेवा आकार, अशी वेगळी ओळ असेल तर मात्र टिप त्यातच आली.

लंडनचा टप्पा असेल तर बिलाच्या तळाला १२.५ टक्के ‘ऐच्छिक’ सेवा आकार असतो. ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक, काढायला सांगितला तर काढतात. तो दिला तर मालकाला त्यातली पेनीही ठेवता येत नाही; सगळी टिप कामगारांना द्यायची असा कायदा तिथे १ ऑक्टोबर २०२४पासून लागू आहे.

जपानमध्ये टिप दिली तर अपमान समजतात, हे खरं का?
— एक वाचक, शाहूपुरी

अपमान म्हणणं जरा जास्त झालं. तुम्ही पैसे विसरलात असं समजून ते मागे धावत येतात आणि परत करतात. देऊच नका. पैसे बहुधा गल्ल्यावरच द्यायचे असतात, तिथल्या छोट्या तबकात ठेवावेत. इझाकाया या तिथल्या दारू-जेवणाच्या ठिकाणी न मागता एक वाटी पुढे येते आणि बिलात माणशी ३०० ते ५०० येन लागतात. ती बसण्याची किंमत समजा. शाकाहारींनी त्या वाटीत मासळी असू शकते हे धरून चालावं.

दुबई आणि सिंगापूरला बिलावर इतके आकार असतात की टिप कुठली आणि कर कुठला, कळत नाही.
— एक वाचक, कसबा बावडा

सिंगापुरात मेनूवर दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की १० टक्के सेवा आकार आणि त्याही रकमेवर ९ टक्के जीएसटी समजा. १०० डॉलरचे ११० होतात आणि ११० चे ११९.९०. वर टिप नको. फूडकोर्टात तर प्रश्नच नाही.

दुबईत हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये सेवा आकार, पालिकेचं शुल्क आणि ५ टक्के व्हॅट, असं सगळं दिसतं. सेवा आकार वेटरपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून त्याच्या हातात पाच-दहा दिरहम देतात. सामान पिशवीत भरून गाडीपर्यंत आणणाऱ्या मुलाला, पेट्रोल भरणाऱ्याला दोन ते पाच दिरहम. या कामांवर आपल्याकडचीच पोरं बरीच असतात, तिथे हात आखडता घेऊ नये असं आमचं मत.

पुण्यातल्या एका हॉटेलात ३,००० च्या जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला. ‘सक्तीचा आहे’ म्हणाले. खरं का ओ?
— एक वाचक, उद्यमनगर

खोटं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलला असा आकार आपोआप लावता येत नाही, नाव बदलूनही नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ही तत्त्वं कायम ठेवली.

पैसे देण्याआधी बिल बदलून मागा. तुमच्या बिलात ३,००० वर ३०० सेवा आकार आणि ३,३०० वर ५ टक्के जीएसटी १६५, असे ३,४६५ झाले असणार. आकार काढला की ३,१५०. फरक ३१५चा, कारण आकारावर करही चढलेला असतो. ऐकलंच नाही तर हॉटेलात भांडण नको. पैसे भरा, बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. जीएसटीला मात्र सर्व्हिस चार्ज समजून हुज्जत घालू नका, तो द्यावाच लागतो.

हल्ली सगळं फोनवरून देतो. मटण-थाळी खाऊन गल्ल्यावर स्कॅन करताना वीस रुपये जास्त टाकले, तर ते वाढप्याला मिळतात का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

ते मालकाच्या खात्यात जातात, पुढचं त्याच्या मर्जीवर. सुट्टे जवळ ठेवा आणि तांबडा-पांढरा दोनदा-तीनदा आणून वाढणाऱ्याच्या हातातच द्या. काही खानावळींत गल्ल्याशेजारी सगळ्यांचा मिळून एक डबा असतो, तिथे डब्यात टाका. भांडी घासणाऱ्यालाही त्यातून मिळतं. दोघांच्या थाळीला वीस-तीस रुपये इकडे ठीक समजतात.

सहलीतून उरलेली युरोची नाणी पुढच्या इजिप्त सहलीत टिप म्हणून चालतील का?
— एक वाचक, नागाळा पार्क

घेणारा घेईल, पण त्याच्या उपयोगाची नाहीत. परकी नाणी बँका आणि पैसे बदलणारे बहुधा घेत नाहीत, फक्त नोटा घेतात. मग तो बिचारा दुसऱ्या पर्यटकाला गाठून ‘नाण्यांची नोट द्या’ म्हणत फिरतो. इजिप्तमध्ये सामान उचलणं, दार उघडणं, फोटो काढून देणं अशा प्रत्येक कामाला थोडे पैसे अपेक्षित असतात, म्हणून पोचल्यावर हॉटेलात इजिप्शियन पौंडांच्या लहान नोटा सुट्ट्या करून घ्या. युरोची नाणी मात्र युरोपमध्येच, परतीच्या दिवशी विमानतळावर चहा-बिस्किटांत संपवावीत.